फॉर्मॅट मारण्याआधी घड्याळ बघा

मावशी चिंचवडला राहते. संध्याकाळी दहावीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. गेल्या मे महिन्यात तिचा फोन आला. "अरे, परवाच आठशे रुपये देऊन लॅपटॉप फॉर्मॅट मारून आणला, तरी पुन्हा तेच. मुलं म्हणतात, मॅडम, तुमचा पुतळा झालाय." म्हणजे शिकवता शिकवता पडद्यावरची मावशी तोंड अर्धं उघडं ठेवून थिजायची. मग दोन-तीन मिनिटांनी लॅपटॉप एकतर जागा व्हायचा, नाहीतर थेट बंद पडायचा.

"कधी होतं असं?" मी विचारलं.

"होतं की अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे किती वाजता?"

ती चिडली. डॉक्टरसारखं काय विचारतोस, येऊन बघ की, म्हणाली. शेवटी हजेरीच्या वहीत मागच्या पानावर रोज दोन आकडे लिहायला तयार झाली. लॅपटॉप चालू केला ती वेळ आणि अडकला ती वेळ.

चार दिवसांनी तिने वही वाचून दाखवली. सहाला चालू, ६.२२ला अडकला. सहाला चालू, ६.१९. साडेपाचला चालू, ५.५१. आणि रविवारी सकाळी सातला जादा तास घेतला, तेव्हा नऊपर्यंत एकदाही नाही. तोच लॅपटॉप, तेच झूम, तीच मुलं. आठशे रुपयांच्या फॉर्मॅटला जे सापडलं नव्हतं ते या चार ओळींत होतं. काय, ते पुढे सांगतो.

अडकणाऱ्या लॅपटॉपबद्दल हल्ली विचारणा वाढली आहे आणि त्याला निमित्तही आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट थांबवला, तेव्हापासून घरोघरी जुन्या लॅपटॉपकडे संशयाने बघितलं जातंय. त्याच सुमारास एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप्स उचलायला सुरुवात केली आणि रॅम महागली. मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉन कंपनीने तर डिसेंबर २०२५मध्ये 'क्रुशियल' हा आपला किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळायचं जाहीर केलं. 'टाका तो डबा आणि नवा घ्या' हा सल्ला आता पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. तेव्हा आधी दुखणं काय आहे ते तरी बघू.

हँग वेगळं, क्रॅश वेगळं

दुकानात गेलो की आपण सगळ्यालाच 'हँग होतो' म्हणतो आणि मोकळे होतो. पण त्या एका शब्दात निदान तीन दुखणी असतात.

पहिलं म्हणजे एकच प्रोग्रॅम अडकतो. खिडकी पांढुरकी होते आणि वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' अशी पाटी येते. विंडोज प्रत्येक प्रोग्रॅमला सतत निरोप धाडत असतं, इथे क्लिक झालं, तिथे बटण दाबलं. एखाद्याने पाच सेकंद निरोपच उचलला नाही की विंडोज ही पाटी लावतं. बाकीचा लॅपटॉप ठणठणीत असतो. यात काळजी करण्यासारखं फारसं नाही.

दुसऱ्यात अख्खं मशीन थिजतं. इथे एक सोपी चाचणी आहे. कॅप्स लॉकचं बटण दाबा आणि त्याचा बारीक दिवा लागतो-विझतो का ते बघा. दिवा दाद देत असेल तर आत कुणीतरी जागं आहे, फक्त कामात बुडालंय. दोन मिनिटं थांबा. दिवा ढिम्म, माउसचा बाण ढिम्म आणि चालू असलेलं गाणं एकाच सुरावर टर्रर्र करत राहिलं, तर मशीन खरोखरच गोठलंय. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरण्यावाचून इलाज नाही.

तिसरं क्रॅश. लॅपटॉप आपणहून बंद होतो किंवा रीस्टार्ट होतो. यातही बघायचं ते हे, की जाता जाता काही सांगून गेला का? पडद्यावर निळी किंवा काळी पाटी आली असेल तर विंडोजने स्वतः विचारपूर्वक हात वर केलेत. काहीच न सांगता, घरातले दिवे जावेत तसा फट्कन विझला असेल तर विंडोजलाही कळलेलं नाही काय झालं. तेव्हा संशय उष्णता, बॅटरी, चार्जर किंवा बोर्डावर, म्हणजे आतल्या मुख्य सर्किटच्या पाटीवर, घ्यायचा.

ओटा आणि कोठीची खोली

आता पोटात शिरू. लॅपटॉपच्या आत एक स्वयंपाकघर आहे असं समजा. प्रोसेसर म्हणजे स्वयंपाक करणारे हात. रॅम म्हणजे ओटा, हाताशी लागेल तेवढंच त्यावर मांडायचं, आणि रात्री लॅपटॉप बंद झाला की ओटा धुऊन रिकामा. हार्ड डिस्क किंवा एसएसडी म्हणजे कोठीची खोली. तिथे सगळं साठवलेलं असतं, पण उठून आणायला जावं लागतं.

उठून जायला किती वेळ लागतो, यातच बहुतेक रडगाणं आहे. रॅममधून एखादी गोष्ट उचलायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात. एसएसडीतून उचलायला त्याच्या हजारपट. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कमधून साधारण लाखपट, कारण तिथे खरोखरच एक तबकडी फिरत असते आणि एक बारीक दांडी सरकून योग्य जागी पोचावी लागते. हे आकडे माणसाच्या मापात आणू. ओट्यावरचं जिरं उचलायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीतून जिरं आणायला सतरा मिनिटं, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन यावं लागेल. आणि हार्ड डिस्कमधून आणायला जवळजवळ अठ्ठावीस तास. म्हणजे फोडणी तापत ठेवून जिऱ्यासाठी पुण्याहून एसटीने नागपूरला जायचं आणि पुढच्याच गाडीने परत यायचं.

तुम्ही क्रोममध्ये तीस टॅब उघडता, शेजारी झूम, वर एक्सेल. चार जीबी रॅमचा ओटा भरून वाहायला लागतो. मग विंडोज काय करतं? सध्या न लागणारी भांडी उचलून कोठीत ठेवतं. याला स्वॅप म्हणतात. ठेवून वळतं न वळतं तोच तुम्ही त्या टॅबवर क्लिक करता. भांडं परत आणा, त्यासाठी दुसरं नेऊन ठेवा, तेही लगेच हवं असतं. हात मोकळेच, पण सगळा वेळ नागपूरच्या गाडीत. आपल्याला बाहेरून दिसतं ते एवढंच की लॅपटॉप 'अडकलाय' आणि त्याच्या कडेचा बारीक दिवा वेड्यासारखा लुकलुकतोय.

खात्री करायला कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात वर प्रोसेसर, मेमरी आणि डिस्कचे टक्के दिसतात. लॅपटॉप अडकायला लागला की हे आकडे बघायचे. नीट चालत असताना बघून काही कळत नाही. मेमरी नव्वदच्या वर आणि डिस्क शंभरला टेकलेली असेल तर ओटा पुरत नाही. टॅब कमी करा, लॅपटॉपबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम त्याच टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप यादीतून बंद करा, आणि जमत असेल तर रॅम वाढवा. जमत असेल तर अशासाठी की बऱ्याच पातळ लॅपटॉपांत रॅम बोर्डालाच डाक लावून बसवलेली असते, ती बदलता येत नाही. पैसे देण्याआधी मॉडेल नंबर टाकून एवढं बघून घ्या.

आणि घरातला लॅपटॉप सात-आठ वर्षांपूर्वीचा, फिरत्या हार्ड डिस्कचा असेल, तर माझं मत विचाराल तर रॅमच्याही आधी एसएसडी टाका. नागपूरची फेरी वाण्यावर आली की तोच लॅपटॉप ओळखू येत नाही.

मेमरी रिकामी, तरी डिस्क शंभरवर?

इथे मात्र सावध व्हायचं. ओटा अर्धा रिकामा आहे, काही विशेष चालू नाही, अपडेटही चालू नाही, तरी डिस्क शंभर टक्क्यांवर आणि फाइल उघडायला मिनिट लागतंय, असं वारंवार झालं तर कोठीचीच भिंत ओली झालेली असू शकते. हार्ड डिस्कच्या तबकडीवरचा एखादा तुकडा वाचता येईनासा झाला की डिस्क लगेच हार मानत नाही. पुन्हा वाचते, पुन्हा वाचते, कित्येक सेकंद तोच प्रयत्न. तोवर सगळं मशीन दारात उभं. कान लावलात तर कधीकधी टिक्, टिक् असा ठरावीक लयीतला आवाजही येतो.

प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर ती नोंद वाचून दाखवतं. त्यात 'करंट पेंडिंग सेक्टर' आणि 'रिअलोकेटेड सेक्टर' या दोन ओळी बघा. पहिली म्हणजे वाचायला त्रास देणारे तुकडे, दुसरी म्हणजे बाद करून ज्यांच्या जागी राखीव तुकडे लावले ते. हे आकडे शून्यावरून हलले आणि दर आठवड्याला वाढत असले, तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर घ्या. दुरुस्तीचे प्रयोग, डिस्क तपासणारे आदेश, डीफ्रॅग म्हणजे विखुरलेल्या फाइली सलग लावणं, सगळं त्यानंतर. आजारी डिस्ककडून आधी कसरत करून घेतली आणि त्यातच ती गेली, अशी घरं मी बघितली आहेत. लेकीच्या बारशाचे फोटो गेलेल्या माणसाला काय सांगणार?

एसएसडीचं मरण शांत असतं. आवाज नाही आणि बऱ्याचदा पूर्वसूचनाही नाही. तिला गच्च भरलेलंही सोसत नाही. दहा-पंधरा टक्के जागा मोकळी ठेवावी.

मावशीची वीस मिनिटं

आता वही. दर वेळी चालू केल्यापासून वीस मिनिटांच्या आसपास, फक्त संध्याकाळी, तेही मे महिन्यात. व्हायरस घड्याळ लावून येत नाही. रॅम खराब असेल तर ती सकाळी सातलाही त्रास देईल. गॅसवर ठेवलेल्या पातेल्यासारखी वीस मिनिटांनी उतू जाणारी गोष्ट लॅपटॉपात एकच असते, उष्णता.

प्रोसेसर तापतो, हे ठरलेलंच. तांब्याची चपटी नळी ती उष्णता कडेच्या बारीक पात्यांकडे नेते आणि पंखा तिथून हवा फेकून ती बाहेर काढतो. प्रोसेसर आणि तांबं यांच्यामध्ये करड्या रंगाची पेस्ट असते, दोन्हीतली फट भरायला. प्रोसेसर बऱ्याच लॅपटॉपांत शंभर अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला की आधी आपला वेग कमी करतो, कमी काम, कमी ताप. वेग कमी झाला की व्हिडिओ कॉल पुतळा होतो. तरीही पारा चढत राहिला तर जळण्यापेक्षा बरं म्हणून तो सगळंच बंद करतो, फट्कन, पाटीबिटी न दाखवता.

ॲपलने आपल्या मॅकबुकसाठी खोलीचं तापमान १० ते ३५ अंशांच्या दरम्यान असावं असं सांगितलंय. मे महिन्यातल्या चंद्रपूरला किंवा अकोल्याला हे वाचून हसूच येईल. चिंचवडच्या पश्चिमेकडच्या खोलीत, दिवसभर तापलेल्या भिंतींमध्ये, संध्याकाळी सहाला काही वेगळी गत नसते. त्यात मावशी लॅपटॉप पलंगावर, गोधडीवर ठेवायची. बऱ्याच लॅपटॉपांचा पंखा हवा खालून ओढतो. म्हणजे तिने त्याच्या नाकावरच गोधडी धरली होती.

आम्ही तो घराजवळच्या एका छोट्या दुकानात नेला. आधीच्या दुकानात 'हँग होतो' एवढंच सांगितलं होतं. इथे मावशीने वही उघडून वेळा वाचल्या. काउंटरवरच्या मुलाने कीबोर्डला हातही न लावता स्क्रू ड्रायव्हर उचलला. मागची पट्टी निघाली. पंखा वरून स्वच्छ दिसत होता. पण पंखा सोडवून बाजूला केल्यावर त्याच्या आणि पात्यांच्या मधोमध करड्या रंगाची एक पट्टीच उभी होती, जुन्या गादीतल्या दबलेल्या कापसासारखी. त्याने ती चिमट्याने एका तुकड्यात उचलून कागदावर ठेवली. धूळ, केस, आणि मावशीच्या मते उदबत्तीची राख. पंखा इतके दिवस जिवाच्या आकांताने फिरत होता, पण हवेला बाहेर जायला वाटच नव्हती. "आवाज तर केवढा यायचा," मावशी म्हणाली. आवाज येतो पण कडेच्या जाळीशी हात धरला तर वारा लागत नाही, हीच खूण. पेस्टही सुकून खडूसारखी झाली होती. साफसफाई आणि नवी पेस्ट मिळून साडेपाचशे रुपये झाले. पुतळा त्या दिवसापासून हलता-बोलता आहे.

घरी साफ करणार असाल तर लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा आणि हवेचा झोत मारताना पंख्याचं पातं काडीने अडवून धरा. मोकळा सोडला तर तो भरधाव फिरून बिघडू शकतो. व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याने स्थिर वीज तयार होते. आणि पेस्ट बदलणं हे हात बसलेल्या माणसाचं काम आहे, निदान पहिल्या खेपेला.

निळी पाटी आली म्हणजे मशीन मेलं का?

नाही. निळी पाटी हा विंडोजचा ब्रेक आहे.

गृहनिर्माण सोसायटी डोळ्यांपुढे आणा. क्रोम, वर्ड, टॅली हे भाडेकरू. एखाद्याने आपल्या घरात गोंधळ घातला तर त्याचं दार लावून घेता येतं, बाकीची बिल्डिंग झोपलेली असते. पण मीटरच्या खोलीची किल्ली मोजक्यांकडेच असते. ती खोली म्हणजे कर्नल, विंडोजचा गाभा. आणि किल्लीवाल्यांत असतात ड्रायव्हर, म्हणजे वायफाय, ग्राफिक्स, प्रिंटर यांच्याशी बोलणारी छोटी सॉफ्टवेअर. तिथे कुणी चुकीच्या तारेला हात घातला तर दार लावून भागत नाही. आग लागण्याआधी मेन स्विच पाडावा लागतो. ती निळी पाटी म्हणजे पडलेला मेन स्विच.

१९ जुलै २०२४ला जगाने हे पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीची एक सदोष अपडेट फाइल जगभर गेली. तिचं सॉफ्टवेअर मीटरच्या खोलीत बसणारं, त्यामुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख विंडोज मशीन एकदम निळी झाली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्या ८५ लाख मशीनांतल्या रॅमला, डिस्कला या फाइलमुळे काहीही झालं नव्हतं. सेफ मोडमध्ये जाऊन ती फाइल उडवली की मशीन उठत होतं. सेफ मोड म्हणजे अगदी गरजेच्या किल्लीवाल्यांनाच आत घेऊन विंडोज सुरू करणं. म्हणून घरीही चाचणी तीच. सेफ मोडमध्ये तासभर सुरळीत चाललं आणि नेहमीच्या मोडमध्ये पुन्हा कोसळलं, तर दोष बहुधा एखाद्या ड्रायव्हरचा किंवा सॉफ्टवेअरचा. अलीकडे काय नवं टाकलं ते आठवा. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, दुसरा अँटिव्हायरस, कुणा पोराने टाकलेला गेम.

पाटी आली की मोबाइलने फोटो काढा. २०२५मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११मधली पाटी काळी केली आणि तो रडका चेहराही काढून टाकला, पण खालची सांकेतिक ओळ अजून असते. तिच्यात 'ड्रायव्हर' शब्द असेल तर रोख उघड आहे. 'मेमरी मॅनेजमेंट' असेल तर रॅम तपासून घ्यावी, जरी दर वेळी दोष तिचाच असेल असं नाही. डब्ल्यू, एच, ई, ए ही चार अक्षरं सुरुवातीला असली तर प्रोसेसरने किंवा बोर्डाने स्वतः तक्रार नोंदवली आहे. आणि दर वेळी वेगळीच ओळ येत असेल, आज हा प्रोग्रॅम तर उद्या तो, तर मला पहिला संशय रॅमचा येतो. ओटाच डुगडुगत असेल तर कधी पोळी पडते, कधी आमटी सांडते.

रॅम तपासायला विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' आहे. रात्री लावून झोपा. कोकणातल्या दमट हवेत रॅमच्या पट्टीची टोकं मळतात, तेव्हा दुकानदार पट्टी काढून टोकं खोडरबरने पुसतात आणि पुन्हा बसवतात. उपाय गावठी असला तरी बऱ्याचदा लागू पडतो. त्यातला निम्मा गुण पट्टी काढून घट्ट बसवण्याचाच असावा. रबर जोरात घासू नये, टोकांवरचा सोन्याचा पातळ मुलामा निघतो.

"पण मी तर रोज रात्री बंद करते"

हा आक्षेप मावशीचाच. टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स पानावर प्रोसेसरच्या खाली 'अपटाइम' असतं, मशीन किती वेळ जागं आहे ते. मावशीचं होतं एकोणीस दिवस. तिला ते खरंच वाटेना.

विंडोज ८पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तुम्ही शटडाउन केलंत की भाडेकरू बाहेर जातात, पण मीटरच्या खोलीची आहे तशी छबी डिस्कवर जपून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उघडते. म्हणून लॅपटॉप लवकर सुरू होतो. म्हणूनच कालचा बिघडलेला ड्रायव्हरही आज तसाच उठतो. गंमत अशी की 'रीस्टार्ट' मात्र सगळं खरंखुरं नव्याने सुरू करतं. तेव्हा काही बिनसलं की शटडाउन करून पुन्हा चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट करा.

व्हायरसच असेल तर?

असू शकतो, पण लोकांना वाटतो त्याच्या मानाने क्वचित. विंडोजबरोबर येणारा डिफेंडर हा अँटिव्हायरस घरगुती वापराला पुरतो. दोन-दोन अँटिव्हायरस टाकले तर ते एकमेकांवरच पहारा देत बसतात आणि लॅपटॉप मधल्या मध्ये भरडला जातो. व्हायरस खरोखर येतो तो बहुतेकदा 'क्रॅक'मधून. फॉर्मॅट मारून देताना फुकटात टाकलेलं विंडोज, फुकटात टाकलेलं ऑफिस, आणि ते चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद करायला लावणारा 'ॲक्टिव्हेटर'. घराला कुलूप लावून किल्ली चोराकडे द्यायची, त्यातला प्रकार.

फॉर्मॅट मारला की होतं ना ठीक?

कधी कधी होतं, आणि म्हणूनच ही समजूत मरत नाही. फॉर्मॅटने वर्षानुवर्षं साचलेले प्रोग्रॅम जातात, बिघडलेले ड्रायव्हर जातात, डिस्क मोकळी होते. दुखणं सॉफ्टवेअरचं असेल तर गुण येणारच. पण धूळ तशीच राहते, सुकलेली पेस्ट तशीच राहते, ओटा तेवढाच राहतो. डिस्क आजारी असेल तर फॉर्मॅट म्हणजे उरलासुरला डेटाही आपल्या हाताने पुसणं. कधी काय मोडलं ते सांगणाऱ्या नोंदीही त्याबरोबर जातात, हे नुकसान कुणी मोजत नाही.

त्या नोंदी वाचणं अवघड नाही. स्टार्टमध्ये 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत टाइप करा. 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' येईल. एक आलेख उघडतो, खाली तारखा, आणि ज्या दिवशी काही कोसळलं त्या दिवसावर लाल फुली. फुल्या कोणत्या तारखेपासून सुरू झाल्या आणि त्याच दिवशी कोणता प्रोग्रॅम किंवा अपडेट आलं, हे शेजारी शेजारी दिसतं. मी कुणाचाही लॅपटॉप हातात घेतला की पहिल्यांदा हेच उघडतो.

याच शोधात काही जणांना 'कर्नल पॉवर ४१' अशी नोंद सापडते आणि ते धावत जाऊन नवा चार्जर आणतात. ती नोंद फक्त एवढंच म्हणते की मागच्या वेळी लॅपटॉप नीट बंद झाला नव्हता. कारण सांगत नाही. तुम्ही स्वतः पॉवरचं बटण दाबून धरलंत तरी ती येते. खेड्यापाड्यांत मात्र तिचं एक साधं कारण असतं. बॅटरी गेली म्हणून काढून ठेवलेली, लॅपटॉप थेट चार्जरवर. मग वीज नुसती डोळा मिचकावून गेली तरी लॅपटॉप आडवा.

विंडोज १०मुळेच अडकत असेल का?

सपोर्ट संपल्याने लॅपटॉप हळू होत नाही आणि अडकतही नाही. थांबल्या त्या सुरक्षेच्या अपडेट. वैयक्तिक वापरासाठी नाव नोंदवलं तर त्या १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत वाढवून मिळतात. त्यामुळे फक्त 'आता हे जुनं झालं' म्हणून मध्यरात्री विंडोज ११ चढवायचा घाट घालू नका. कागदावर ४ जीबी रॅम त्याला पुरते, प्रत्यक्षात त्या ओट्यावर एक पोळपाट मावतो. लॅपटॉपचं शरीर धड असेल आणि विंडोज ११ नाकारत असेल, तर लिनक्स मिंटसारखी फुकट प्रणाली टाकून ब्राउझर, पत्रं आणि हिशेब ही कामं वर्षानुवर्षं चालतात. हिशेबाचं टॅली किंवा मराठी टायपिंगचं श्रीलिपी लागत असेल तर मात्र आधी चौकशी करा.

नवा घ्यायची वेळ येते ती बोर्ड गेल्यावर, किंवा डाक लावलेली रॅमच खराब निघाल्यावर. चिप लेव्हलची, म्हणजे बोर्डावरचा बिघडलेला भागच बदलण्याची, दुरुस्ती होते, पण तिचा खर्च लॅपटॉपच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला की मी हात आखडता घेतो.

एका बाबतीत मात्र घड्याळ, वही, टास्क मॅनेजर सगळं बाजूला ठेवा. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवल्यावर डुगडुगतोय, टचपॅड वर आल्यासारखं दिसतंय किंवा क्लिक होत नाही, झाकण नीट मिटत नाही, तर आतली बॅटरी फुगलेली असू शकते. लगेच बंद करा, चार्जर काढा. दाबून बसवू नका, टोचू नका, घरी उघडू नका. गादीपासून, पडद्यापासून दूर, फरशीवर ठेवा आणि सकाळी दुकान उघडताच घेऊन जा. जुनी बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.